उसन्या ताटल्या

आमच्याकडे कुणी येणार असं कळलं की आई आधी हातात झाडू घ्यायची आणि मग मालकीणकाकूंच्या घराकडे सुटायची. मालकीणकाकू म्हणजे ज्यांच्या मळ्यात आई-वडील राबायचे त्या घरच्या बाई. वणीच्या रस्त्याला, नाशिकपासून एसटीनं तासाभरावर आमचं गाव. टोमॅटो, कोबी, थोडी द्राक्षं. मळ्याच्या एका टोकाला पत्र्याची एक खोली होती, तीत आम्ही राहायचो. खोलीही मालकांचीच. आमचं म्हणावं असं आत होतं काय तर चार भांडी, दोन गोधड्या, एक रॉकेलचा स्टोव्ह आणि आईचा ताठ कणा.

तर पाहुणा आला की काकूंच्या घरून कपबश्या यायच्या, स्टीलच्या ताटल्या यायच्या, अगदीच कुणी मोठं माणूस असलं तर खुर्चीसुद्धा यायची. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. काकूंच्या घरी लग्न निघालं की आमच्या आईचे हात यायचे, आमच्याकडे पाहुणा आला की काकूंच्या ताटल्या यायच्या. गावात असंच चालायचं. तेव्हा स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. गावात मशीनवाला आला की बायका घोळका करून बसायच्या आणि तो वाटीपासून हंड्यापर्यंत सगळ्यांवर कर्रकर्र करत नावं कोरायचा. काकूंच्या प्रत्येक ताटलीच्या काठावर त्यांचं आडनावासकट नाव होतं. ते मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे अशाच एका नावावरून माझं डोकं फिरलं आणि ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझी ताई दहावी झाली आणि आमच्या शाळेत पहिली आली. तिला पुढे सायन्सला जायचं होतं, नर्स व्हायचं होतं. गावातल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा एक नर्सबाई यायच्या, त्यांची पांढरी साडी आणि कुणालाही न घाबरता बोलणं ताईनं डोक्यात पक्कं बसवून घेतलं होतं. पण कॉलेज नाशिकला. आमच्या गावाची पहिली एसटी उशिरा सुटायची, ती पोचायची तोवर कॉलेजचे निम्मे तास संपलेले असायचे. म्हणजे तिथं राहायला जागा मिळाली तर शिक्षण, नाहीतर टोमॅटोची खुडणी. मधलं काही नव्हतं.

नाशिकला एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं. राहणं, जेवण फुकट. ‘गरीब व होतकरू’ मुलींसाठी. हे दोन शब्द आमच्याकडे कायम जोडीनं येतात. श्रीमंत मुलीला होतकरू असावं लागत नाही, ती नुसती असली तरी चालते. आमच्यासारखीनं मात्र आधी गरीब असायचं आणि वर होतकरूही असायचं, तेव्हा कुठं तिच्याकडे कुणी वळून बघणार. ताई होतकरू आहे हे मार्कांवरून दिसत होतं. गरीब आहे का, हे बघायला ट्रस्टची माणसं घरी येणार होती. त्याला घरभेट म्हणायचे.

शाळेतल्या सरांनी निरोप दिला, उद्या दुपारी येतायत म्हणून. झालं. आईच्या अंगात आलं. पहाटे उठून तिनं खोली सारवली. दारात रांगोळी काढली. मालकीणकाकूंकडून कपबश्या आणल्या, ताटल्या आणल्या, दोन खुर्च्या आणल्या. जून लागला तरी पाऊस नव्हता, पत्रा तापलेला, शहरातली माणसं उकाड्यानं बेजार होतील म्हणून तिनं काकूंचा टेबल फॅनसुद्धा उचलून आणला. आमच्याकडे एक बल्ब होता, त्याच्या होल्डरमधून वायर काढून वडिलांनी कसाबसा तो जोडला आणि ते पाण्याच्या पाळीवर निघून गेले, कारण मळ्याला सुट्टी नव्हती. आईनं मामाच्या लग्नातली साडी नेसली. तिची तीच एक साडी होती जिला ठिगळ नव्हतं. ताईच्या वेणीत मोगरा माळला. पोह्यांवर खोबरं पडलं. चहा निव्वळ दुधाचा झाला. मला तर वाटलं आज सणच आहे.

माणसं आली. सफारी घातलेले एक गृहस्थ, कडक सुती साडीतल्या एक बाई आणि बरोबर आमचे सर. खुर्च्यांवर बसले. फॅन फिरत होता. आईनं डोक्यावर पदर घेऊन पोहे पुढे केले. बाईंनी घरभर नजर फिरवली. खोलीच एवढीशी होती की नजर फिरायला वेळ लागला नाही. मग त्यांनी हसून विचारलं, “काय बाई, कसं चाललंय तुमचं?”

आता तुम्हीच सांगा, घरी आलेल्या पाहुण्यानं ‘कसं चाललंय’ विचारलं तर आमच्याकडे काय म्हणतात? पाहुण्याच्या ताटात पोह्यांबरोबर आपलं रडगाणं वाढायचं असतं का? आईनं जे कुणीही म्हणालं असतं तेच म्हटलं.

“बरं चाललंय. देवीच्या कृपेनं काय कमी नाय.”

सरांनी मान खाली घातली. मला ते तेव्हा कळलं नाही. बाईंनी ‘छान, छान’ म्हटलं, पोहे संपवले, पोहे फार चांगले झालेत असंही सांगितलं. ताईला दोन प्रश्न विचारले. जाताना आईनं दोघांच्या हातात कोबीचा एकेक गड्डा दिला. रिकाम्या हातानं कुणाला कसं पाठवायचं. त्यांनी तो घेतलाही.

पुढच्या आठवड्यात सर सायकलवरून आले आणि दारातच उभे राहिले. ताईला जागा मिळाली नव्हती. ट्रस्टचं म्हणणं, घर व्यवस्थित आहे, पंखा आहे, खुर्च्या आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, याहून गरजू मुली आहेत. आईला आधी ते समजलंच नाही. कुठला पंखा, म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं तशी ती मटकन खाली बसली.

पण आमची आई बसून राहणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून ती ताईला आणि मला घेऊन एसटीनं नाशिकला गेली. ट्रस्टच्या ऑफिसात बराच वेळ बाकावर बसवलं. मग त्याच बाई भेटल्या. आईनं हात जोडून सगळं सांगितलं. फॅन मालकिणीचा, खुर्च्या मालकिणीच्या, ताटल्या मालकिणीच्या. तुम्ही मोठी माणसं दारात येणार म्हणून आणल्या होत्या. घरात आमचं काही नाही, परत या, मी काही न आणता दाखवते.

बाईंचा चेहरा बदलला. त्या दिवशी आमच्या खोलीत हसून बोलणाऱ्या त्याच या बाई, हे मला पटेना. म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत.”

ऐकलंत? फसवलंत. माझ्या आईनं. पहाटेपासून राबून, लोकांचं उसनं आणून, पोटाला चिमटा काढून ज्यांना दुधाचा चहा पाजला, त्यांना तिनं फसवलं. आणि पुढे त्यांनी असंही सांगितलं की, खरं कोणतं मानायचं आम्ही, डोळ्यांनी पाहिलेलं की आता तुम्ही सांगताय ते. जी माणसं एकदा खोटं वागतात त्यांच्या मुलीला जागा दिली तर प्रामाणिक गरिबांवर अन्याय होईल. अन्याय हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. नंतर तो पुष्कळ ठिकाणी ऐकला, वाचला, पण इतका उलटा टांगलेला पुन्हा कुठं दिसला नाही.

परतीच्या एसटीत आईनं पदराच्या गाठीतले उरलेले पैसे मोजले. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. जुलैमध्ये तिच्या वर्गातली दोन मुलं नाशिकला गेली, त्यातल्या एकाला तिच्यापेक्षा कितीतरी कमी मार्क होते, पण त्याचा काका नाशिकला राहत होता. ताई खुडणीला जायला लागली. डोक्याला फडकं बांधून, टोमॅटोच्या सऱ्यांतून वाकून. शाळेत पहिली आलेली पोरगी. गावात कुणालाही ते विचित्र वाटलं नाही. मला वाटायचं, कुणीतरी ओरडावं, कुणीतरी म्हणावं की हे काय चाललंय. कुणी म्हटलं नाही. गरिबाच्या पोरीचं शिक्षण थांबलं तर लोक ‘नशीब’ म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. कुणाच्या घरावर दरोडा पडला तर नशीब म्हणून गप्प बसतात का? पोलिसात जातात. ताईकडून जे हिसकावलं ते मात्र चोरीत मोजलं जात नव्हतं.

दोन वर्षांनी मी दहावी झाले. मार्क ताईएवढे नव्हते, पण बरे होते. पुन्हा तेच वसतिगृह, पुन्हा घरभेट. या वेळी माणसं वेगळी येणार होती. सर आदल्या दिवशी मुद्दाम येऊन गेले. त्यांना स्पष्ट बोलवेना. घर जरा साधंच राहू द्या, एवढंच म्हणाले आणि सायकल वळवली.

आई सवयीनं काकूंच्या घराकडे निघाली होती. ताई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“आई, या टायमाला कप आणू नको.”

आई म्हणाली, दारात आलेल्या माणसाला काय ओंजळीत चहा देऊ? ताईनं कामालाच सुरुवात केली. आमचा स्टोव्ह उचलला आणि मालकीणकाकूंच्या घरी नेऊन ठेवला. त्यामागून आमचा बरा असलेला पातेल्यांचा जोड नेला, भिंतीवरचा आरसा नेला. पहिल्या खेपेला काकूंचं सामान आमच्याकडे आलं होतं, या खेपेला आमचं सामान काकूंकडे गेलं. सारवायचं नाही, रांगोळी नाही. फाटक्यातली फाटकी गोधडी दोरीवर समोरच टाकली. तीन दगडांची चूल मांडून ओली लाकडं पेटवली, म्हणजे धूर झाला पाहिजे. मला तिचं जुनं, दंडावर उसवलेलं परकर-पोलकं घालायला लावलं. ताई हे सगळं इतकं शांतपणे करत होती की मला तिची भीती वाटली. आईची साडी तिनं स्वतः निवडली. सगळ्यात विटकी.

“आणि कसं चाललंय विचारलं तर लय हाल हायेत म्हणायचं,” तिनं आईला बजावलं.

माणसं आली. खुर्च्या नव्हत्या, ती उभीच राहिली. धुरानं त्यांचे डोळे चुरचुरले. आईला प्रश्न विचारला तेव्हा तिच्या तोंडून ‘हाल’ हा शब्द काही केल्या फुटेना. ती पदराचं टोक तोंडात धरून खाली बघत राहिली. तेवढं पुरलं. बरोबरच्या बाईंनी रुमाल काढला. त्यांनी आमचा फोटो काढला, आई, मी आणि मागे ती गोधडी. फोटोच्या वेळी आईनं पदर सारखा करायला हात उचलला तर गृहस्थ म्हणाले, राहू द्या, आहे तसंच बरं आहे. माझी जागा तिथंच नक्की झाली.

त्यांची जीप वळणाआड गेली आणि आई रडायला लागली. मला वाटलं आनंदानं रडते. कसला आनंद. ती म्हणत होती, दारात आलेली माणसं पाण्यावाचून गेली. आजवर आपल्या दारातून असं कुणी गेलं नव्हतं. मग तिनं भर दुपारी, कुणी येणार नसताना, सगळी खोली सारवून काढली आणि दारात रांगोळी घातली.

मी नाशिकला गेले, शिकले. त्या वसतिगृहानं मला वाढवलं हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण दर पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसमोर उभं राहून ‘आम्ही आपल्या ऋणात आहोत’ असं म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर ती दोरीवरची गोधडी यायची. शेजारच्या कॉलनीतल्या नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधल्या नोकरदारांच्या मुली सकाळी दप्तर उचलून सरळ कॉलेजात जायच्या. त्यांना कुणी विचारत नव्हतं की तुमच्या घरी फॅन आहे का. शिकायला त्यांना कुणाचे आभार मानावे लागत नव्हते. आम्ही मात्र शिकायचो ते उपकारावर. हे असं का, हे विचारायचं धाडस तेव्हा नव्हतं. राग होता, पण त्याला नाव नव्हतं.

नाव फार उशिरा मिळालं. मी नाशिक रोडच्या एका शाळेत नोकरीला लागले होते. दोन हजार सालानंतरचे दिवस. एका शिबिरात बोलायला आलेल्या माणसानं फळ्यावर एकच शब्द लिहिला, हक्क. तो म्हणाला, गरिबी म्हणजे नुसती पैशाची चणचण नाही, गरिबाला जे मिळायलाच हवं ते त्याला मागावं लागतं, त्यासाठी केविलवाणं दिसावं लागतं आणि वर आभार मानावे लागतात, ही खरी गरिबी. बाकीच्या शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझे कान गरम झाले होते. मला आमची खोली दिसत होती, धुरानं भरलेली.

त्याच सुमारास ट्रस्टनं मला बोलावलं. जुनी विद्यार्थिनी म्हणून घरभेटीला बरोबर येता का, म्हणाले. मी गेले. पेठ तालुक्याच्या बाजूला, डोंगरातलं एक गाव. कुडाच्या भिंतींचं घर, पण अंगण आरशासारखं सारवलेलं. पोलक्याला नवं बटण लावलेली एक मुलगी दारात उभी होती. तिच्या आईनं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पुढे सरकवल्या आणि ताटलीत बिस्किटं आणली. माझ्याबरोबरच्या गृहस्थांनी बिस्किट खाल्लं, इकडेतिकडे पाहिलं आणि कसं चाललंय म्हणून विचारलं. ती माउली हसून म्हणाली की चांगलं चाललंय.

गृहस्थ माझ्या कानाशी लागले. बरं आहे की घर, म्हणाले, पुढच्या गावाला निघू.

माझ्या हातातली ताटली मी तिरकी केली. काठावर नाव होतं. मी त्या मुलीला हळूच विचारलं, हे कुणाचं. शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंचं, ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. चोरी पकडल्यासारखी बघत होती माझ्याकडे. अरे, लाज कुणाला वाटायला हवी होती आणि कुणाला वाटत होती! मी त्या गृहस्थांना सांगितलं, “साहेब, बिस्किटं संपली असतील तर ताटली वाचा.”

त्यांनी वाचली. काही कळलं नाही. मग मी त्यांना अंगणात बाहेर घेतलं आणि जे बोलायचं ते सगळं बोलले. या बाईनं तुमचा मान ठेवला म्हणून तुम्ही हिच्या पोरीची जागा कापणार का, म्हटलं. तिनं धूर करून ठेवायला हवा होता का? फाटकं नेसून बसायला हवं होतं का? ते म्हणाले, अहो, मग तसं सांगायचं ना त्यांनी. मी म्हटलं, तुमच्या घरी पाहुणा आला तर तुम्ही सांगता का, सोफ्याचे हप्ते थकलेत म्हणून? ते चिडले, पण त्या मुलीचं नाव यादीत राहिलं. तिला जागा मिळाली.

पुढच्या मीटिंगला मी म्हटलं, या घरभेटी बंद करा. ज्या मुलीला शिकायचंय तिला जागा द्या. तर सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. तेवढ्या जागा आपल्याकडे कुठं आहेत, ते सरकारचं काम आहे, असं कुणीतरी म्हणालं. सरकारकडे गेलं की सांगतात, संस्था आहेत ना. असा हा टोलवाटोलवीचा खेळ, आणि मधे चेंडू कोण, तर पहिल्या नंबरानं पास झालेली एखादी पोरगी. त्यानंतर मला घरभेटीला बोलावलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, राग मात्र आला, तो अजून आहे आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पुढच्या होळीला मी गावी गेले. ताईही आली होती. तिचं लग्न झालं होतं, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जायची. दिवसभर उभ्यानं घड निवडून तिचे पाय सुजत. आई चहा करत होती, आता आमच्या स्वतःच्या कपबश्या होत्या आणि आईनं मशीनवाल्याकडून घरातल्या प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर हौसेनं नाव घालून घेतलं होतं. मी ताईला पेठची सगळी हकीकत सांगितली. ताटली कशी वाचायला लावली, साहेबांचं तोंड कसं झालं होतं, सगळं रंगवून. ती हसेल असं मला वाटलं होतं.

ताईनं सुजलेला पाय लांब केला आणि शांतपणे विचारलं, त्या पोरीला जागा मिळाली का नक्की. मी म्हटलं, मिळाली. लय चांगलं झालं, ती म्हणाली. मग तिनं आईनं दिलेल्या ताटलीच्या काठावरून बोट फिरवलं.

“तुला मिळाली. तिला मिळाली,” ती म्हणाली. “आता माझी कुणाकडं मागायची, ते सांग.”